युगांडातल्या मुलीच्या शाळेसाठी मिशनला दरमहा पैसे द्यावेत का?

तुम्ही विचारलंय की ओळखीच्या एका चर्चकडून युगांडातल्या एका अनाथ मुलीच्या शिक्षणासाठी दरमहा पैसे मागताहेत. ते शाळेपर्यंत पोहोचतात का, आणि त्याआड धर्मांतर तर चालत नाही ना?

मी नोकरीनिमित्त युगांडाच्या राजधानीत, कंपालात असतो. ख्रिस्ती नाही, कुठल्या मिशनशी संबंधही नाही. इथे राहून जे दिसतं तेवढंच सांगतो.

सरकारी प्राथमिक शिक्षण इथे 1997 पासून मोफत आहे. त्या एका वर्षात पटावरची मुलं सुमारे तीस लाखांवरून पन्नास लाखांच्या वर गेली. पण मोफत म्हणजे शिकवण्याची फी नाही, एवढंच. आमच्या गोदामात काम करणारी एक बाई स्वतःच्या मुलांबरोबर वारलेल्या बहिणीची मुलंही सांभाळते. सत्र सुरू व्हायच्या आधी तिच्या पर्समध्ये शाळेची यादी असते: केरसुण्या, कागदाचं एक रीम, टॉयलेट पेपरचे रोल, साखर. त्यावर गणवेश आणि दुपारच्या जेवणाचे पैसे. जेवण म्हणजे पोशो, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि वर घेवड्याची उसळ. पैसे थकले की मुलाला घरी पाठवतात. आधी दोन दिवस, मग आठवडा, मग तो येईनासाच होतो. माध्यमिकला शाळा निवासी असेल तर पत्र्याची ट्रंक आणि गादीसुद्धा घरूनच. फेब्रुवारीच्या सुरुवातीला बोडा-बोडावर, म्हणजे इथल्या भाड्याच्या मोटारसायकलवर, पुढे ट्रंक, मागे पोरगी आणि तिच्या डोक्यावर गुंडाळलेली गादी हे दृश्य रस्तोरस्ती दिसतं. कोविडात तर शाळा मार्च 2020 ला बंद झाल्या त्या पूर्णपणे उघडल्या जानेवारी 2022 मध्ये. त्या काळात कितीतरी मुली आया झाल्या आणि परत आल्याच नाहीत.

म्हणजे पैशाची गरज खरी आहे. प्रश्न तो कुठे जातो हा आहे.

त्या मुलीला ‘अनाथ’ म्हणतात म्हणजे नक्की काय, हे आधी विचारा. एड्सच्या साथीत इथली एक अख्खी पिढी आईबापाविना वाढली, पण ती वाढली बहुतेक आजीकडे, मावशीकडे, काकाकडे. अनाथाश्रमांतल्या बहुतेक मुलांची आई किंवा वडील हयात असतात, हे इथेच नव्हे, जगभर दिसून आलंय. घरी फी भरता येत नाही म्हणून मूल आश्रमात ठेवलं जातं, आश्रमात मूल आहे म्हणून परदेशातून पैसा येतो, आणि पैसा येतो म्हणून आणखी मुलं आणली जातात. माझं मत विचाराल तर आश्रमाच्या इमारतीसाठी एक रुपयाही देऊ नका. मुलगी आजीकडेच राहणार असेल आणि तिची फी, गणवेश, जेवण भागणार असेल तर जरूर द्या.

अशा मदतीचा उपयोग होतो का, हे तपासलेलंही आहे. कम्पॅशन इंटरनॅशनल ही ख्रिस्ती संस्था स्थानिक चर्चमार्फत मुलं दत्तक-पालक पद्धतीने शिकवते. मूल आपल्या घरीच राहतं. अर्थशास्त्रज्ञांनी युगांडा, केनिया, भारत धरून सहा देशांतल्या दहा हजारांहून जास्त माणसांची माहिती घेतली आणि 2013 मध्ये निष्कर्ष छापले: मदत मिळालेली मुलं सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली. ऐकायला थोडं वाटतं, पण नववीत सुटणं आणि दहावीला बसणं यातला फरक तेवढाच असतो.

‘मिशनची शाळा’ म्हटलं की गरिबांची, असंही धरून चालू नका. 1906 चं बुडो कॉलेज मिशनऱ्यांनी सरदार-दरकदारांच्या मुलांसाठी काढलं आणि आजही तिथे प्रवेश मिळणं ही प्रतिष्ठेची गोष्ट आहे. तशा शाळेच्या नावाने देणगी मागत असतील तर जरा थांबा.

जाता जाता, आपलाही या गोष्टीशी जुना संबंध आहे. नाशिकचा शरणपूर रोड माहीत असेलच. एकोणिसाव्या शतकात अरबांच्या गुलाम वाहणाऱ्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना चर्च मिशनरी सोसायटी तिथेच शिकवत असे. 1873 मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन हा मिशनरी आणि शोधप्रवासी मध्य आफ्रिकेत वारला तेव्हा त्याच्या हृदयाचं दफन झालं, त्या वेळी प्रार्थना वाचणारा जेकब वेनराइट हा नाशिकचाच विद्यार्थी. नाशिकहून गेलेले पुष्कळजण पुढे केनियातल्या मोम्बासाजवळच्या फ्रीअर टाऊन वसाहतीत राहिले. त्या वसाहतीला नाव आपल्या मुंबईच्या माजी गव्हर्नरचं.

आता धर्मांतराचं. या देशात दहातले आठजण आधीच ख्रिस्ती आहेत, त्यामुळे आपल्याकडचा वाद इथे तसाच्या तसा लागू होत नाही. पण बायबलचे धडे या कार्यक्रमाचा भाग असतात आणि या संस्था ते लपवत नाहीत. भारतात याच शंकेवरून कम्पॅशनचा परदेशी निधी अडला आणि 2017 मध्ये त्यांनी तिथला कारभार गुंडाळला. मुलगी मुस्लिम कुटुंबातली असेल तर तिला त्या धड्यांना बसावं लागतं का, हे सरळ लिहून विचारा. तुम्हाला हे रुचत नसेल तर पैसे दुसरीकडे द्या, त्यात गैर काही नाही.

पैसे पोहोचतात का ते पाहायला फोटो आणि आभाराचं पत्र पुरत नाही. शाळेचं नाव, इयत्ता आणि सत्राच्या फीची पावती मागा. इथल्या बऱ्याच शाळांत प्रत्येक विद्यार्थ्याचा फी भरायचा स्वतःचा कोड असतो, मोबाइल मनीवरून थेट शाळेच्या खात्यात पैसे जातात. तो कोड द्यायला चर्च का-कू करत असेल तर पैसे देऊ नका. परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर आयकर कायद्याच्या कलम 80जीची सवलत मिळत नाही, हेही हिशेबात धरा. आणि दरमहा देण्यापेक्षा सत्राआधी एकरकमी द्या. वर्षात तीन सत्रं असतात आणि फी सत्राच्या तोंडावरच मागतात.