‘लेजिटिमेट रेप’ला मराठीत काय म्हणायचं?

कराडच्या एका मुलीनं विचारलंय. तिला कॉलेजसाठी नेत्यांच्या बलात्कार आणि गर्भपातावरच्या वक्तव्यांवर लिहायचंय, त्यात अमेरिकेतल्या टॉड एकिनचं 2012 सालचं वाक्य आहे. तिचा प्रश्न असा: "ताई, एका भाषांतरात 'लेजिटिमेट रेप'चं 'कायदेशीर बलात्कार' केलेलं वाचलं, ते बरोबर आहे का? आणि बलात्कार या शब्दातच बळ आहे, मग मारहाण झाली नसेल तर मराठीत त्याला दुसरा शब्द आहे का?"

पहिल्याचं उत्तर सोपंय, चुकीचं आहे ते. लेजिटिमेटचा कायद्याशी संबंध आहे हे खरं पण तो शब्द जिथं जाईल तिथं मराठीत वेगळा होतो, मूल असेल तर औरस, मागणी असेल तर रास्त, वारस असेल तर कायदेशीर, आणि एकिनच्या तोंडी त्याचा अर्थ होता खराखुरा, अस्सल. म्हणजे तो बलात्काराला कायद्याची मान्यता देत नव्हता. तो असं म्हणत होता की बलात्कारात दोन जाती असतात, एक खरा आणि एक नुसता म्हणायचा.

वाक्य कुठं आलं ते पण लिही बरं का, नाहीतर वाचणाऱ्याला त्याचा विखार कळत नाही. मिसुरी राज्यातून सिनेटच्या निवडणुकीला उभा होता तो, 19 ऑगस्ट 2012 ला टीव्हीवर मुलाखत झाली, प्रश्न होता की बलात्कारातून दिवस गेले तर गर्भपाताला परवानगी असावी का. तर हा म्हणाला डॉक्टरांकडून मला जे कळलंय त्यावरून असं फार क्वचित होतं, लेजिटिमेट रेप असेल तर बाईच्या शरीराकडे ते सगळं बंद पाडायचे मार्ग असतात. म्हणजे जिला दिवस गेले तिच्यावर खरा बलात्कार झालाच नाही, ती खोटं बोलतेय, हे सगळं त्या एका विशेषणात बसवलेलं आहे. आणि ही समजूत आजची नाही, तेराव्या शतकातल्या इंग्लंडच्या कायद्याच्या ग्रंथात पण आहे की बाईला गर्भ राहिला तर तिची संमती होती असं धरा. शरीर असं काही करत नाही. अमेरिकेतच 1996 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मूल होण्याच्या वयातल्या बायकांमध्ये बलात्कारातून गर्भ राहण्याचं प्रमाण 5 टक्के निघालं होतं.

लोक भयंकर चिडले. त्याच्याच पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार मिट रॉमनी म्हणाला माघार घे, ओबामा म्हणाले बलात्कार म्हणजे बलात्कार. एकिननं माफी मागितली, माघार काही घेतली नाही, आणि नोव्हेंबरात क्लेअर मॅकास्किलकडून हरला. पण मधल्या काळात त्यानं एक खुलासा केला होता, मला 'फोर्सिबल' म्हणायचं होतं, म्हणजे जबरदस्तीचा. इथं तुझा दुसरा प्रश्न येतो आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण जबरदस्तीचा बलात्कार म्हणलं की जबरदस्ती नसलेला पण एक असतो असं आपोआप कबूल होतं. अमेरिकेत एफबीआयच्या बलात्काराच्या व्याख्येतच 1927 पासून तो फोर्सिबल शब्द होता, तो काढायचं जाहीर झालं जानेवारी 2012 मध्ये, एकिन बोलायच्या सातआठ महिने आधी.

आता आपला शब्द. बलात् ही बल शब्दाची पंचमी, बळानं, जबरीनं, आणि कार म्हणजे करणं. संस्कृतात याचा बाईशी संबंध असायलाच पाहिजे असं नव्हतं, जुन्या धर्मशास्त्रात सावकारानं वसुलीसाठी कर्जदाराला डांबून ठेवलं तर त्यालाही बलात्कारच म्हणलंय. आता बघ, डांबून ठेवलेल्या माणसाच्या अंगावर वळ पाहिजेतच असं कुणी म्हणेल का? तो तिथं स्वतःच्या मर्जीनं बसलेला नाही एवढंच पुरेसं आहे. म्हणजे या शब्दातलं बळ मर्जीच्या विरुद्ध उभं आहे, मारहाणीशी ते बांधलेलं नाही. आपल्याकडं सांगली साताऱ्यात म्हाताऱ्या बायका बलात्कार शब्द सहसा तोंडातून काढत नाहीत, "तिच्यावर जबरदस्ती झाली" म्हणतात, आणि तो शब्द पण बघण्यासारखा आहे, फारसीत जबर म्हणजे वर आणि दस्त म्हणजे हात. ज्याचा हात वर तो जबरदस्त. मालकाचा असतो, नवऱ्याचा असतो, पोलिसाचा असतो, मारावं लागतच नाही.

पोलिसाचं उगाच नाही म्हणलं. मथुरा प्रकरण तुला माहीत असेल, 1972, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, मथुरा नावाची आदिवासी मुलगी, पोलीस चौकीत पोलिसांनीच बलात्कार केल्याचा आरोप. सुप्रीम कोर्टानं पोलिसांना सोडलं, कारण तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिनं आरडाओरडा केल्याचं दिसत नाही. बळ शब्दाचा अर्थ वळ असा घेतला की काय होतं ते हे. 1979 साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, 1983 ला कायदा बदलला. आणि 2013 च्या दुरुस्तीत तर स्पष्ट लिहिलं गेलं की बाईनं अंगानं प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती होती असं धरता येणार नाही. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये पण ते आहे. त्यामुळं मारहाण नसेल तर दुसरा शब्द आहे का, तर नाही, आणि नकोच. सामूहिक बलात्कार म्हणतो आपण, ते चालतं कारण ते विशेषण किती जणांनी केला ते सांगतं. तो खरा की खोटा, मोठा की किरकोळ, हे ठरवणारं विशेषण लावायचं नाही.

एक गोष्ट मात्र मला त्या चुकीच्या भाषांतरानं सुचली आणि ती सांगताना वाईट वाटतं. कायदेशीर बलात्कार हे शब्द एकिनच्या वाक्यात बसत नाहीत, आपल्या कायद्यात बसतात. त्याच कलम 63 मध्ये अपवाद आहे, बायको 18 वर्षांखालची नसेल तर नवऱ्यानं केलेला संबंध बलात्कार नाही. 2022 साली दिल्ली हायकोर्टात दोन न्यायाधीशांची यावर दोन मतं झाली.

त्याच 2012 च्या निवडणुकीत इंडियानाचा रिचर्ड मर्डॉक म्हणाला होता की बलात्काराच्या भयंकर प्रसंगातून जीव सुरू झाला तरी ते देवाच्या मनात होतं. नंतर खुलासा, मी बलात्काराबद्दल नाही जिवाबद्दल बोललो. हे घेणार असशील तर सांभाळून, कारण मराठीत जीव पण तो, गर्भ पण तो आणि बलात्कार पण तो, "तो देवाच्या मनात होता" असं लिहिलंस तर इंग्रजीतला घोळ जसाच्या तसा मराठीत येईल. मग नाव घेऊनच लिही, तो जीव म्हण. आणि तरी त्या बाईच्या मनात काय होतं हे त्या वाक्यात कुठंच नाही, तेही लिही.

गर्भपात शब्दाबद्दल थोडं. पात म्हणजे पडणं, त्यामुळं आपोआप झालेला आणि करून घेतलेला दोन्हीला एकच शब्द. माझी आजी मात्र "पोट पडलं" आणि "पोट पाडलं" असं नेमकं बोलायची, नुसत्या एका काना‌नं फरक. भ्रूणहत्या हा शब्द तू गर्भपातासाठी वापरू नकोस. 2017 साली मिरजेजवळ म्हैसाळला जे उघडकीला आलं, 19 भ्रूण सापडले, तेव्हापासून आपल्या भागात गर्भपात म्हणलं की लोकांना गुन्हाच आठवतो. गुन्हा होता लिंग बघून पाडण्याचा आणि बेकायदा करण्याचा. गर्भपाताचा कायदा 1971 पासून आहे आणि 2021 च्या दुरुस्तीनं बलात्कारित बाईला 24 आठवड्यांपर्यंत मुभा आहे. हत्या शब्द वापरला की तिला आधीच आरोपी केलं आपण.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ का असं पण विचारलंयस. घे. 2014 मध्ये मुलायमसिंह मुरादाबादला म्हणाले होते, "लड़के हैं, गलती हो जाती है", त्यातलं क्रियापद बघ, चूक होते, कुणी करत नाही. आपल्या पेपरात पण "बलात्कार झाला" छापतात, पाऊस झाला तसं, करणारा वाक्यातून गायब. आणि त्याच वर्षी विधानसभेच्या प्रचारात आमचे आर. आर. आबा, म्हणजे आर. आर. पाटील, विरोधी उमेदवारावरच्या बलात्काराच्या आरोपावरून, करायचा होता तर निवडणुकीनंतर करायचा, अशा अर्थाचं बोलून गेले. आमच्या घरात आबांबद्दल फार आदर, मला ते ऐकून दोन दिवस करमलं नाही. त्यांनी माफी मागितली, निवडून पण आले. आपल्या माणसाचं उदाहरण टाळून लांबच्या एकिनवर लिहिणं सोपं पडतं, तू टाळू नकोस.

वाक्य असं कर: "तो 'खराखुरा' बलात्कार असेल तर बाईचं शरीर ते सगळं बंद पाडू शकतं, असं एकिन म्हणाला." खराखुराला अवतरण नक्की दे, तो शब्द एकिनचा आहे, तुझा नाही.