फाइल समोर दिसतेय, तरी 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' का म्हणतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विंडोजवर प्रोजेक्ट गिटमधून नव्याने क्लोन केला, म्हणजे त्याची प्रत उतरवून घेतली. डॉकरचा कंटेनर (प्रोग्रॅम चालवायची बंदिस्त लिनक्स खोली) उठता उठता '/स्टार्ट.एसएच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' म्हणून मरतो (स्टार्ट.एसएच म्हणजे तो सुरू करणारी स्क्रिप्ट). सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर तोच कोड निमूट चालतो. मधूनच पायथनला मॉड्यूल सापडत नाही, पोर्टचा घोळ वेगळाच. सीनियर म्हणतात, 'सगळं उडव आणि परत टाक.' आणि शेवटी तुम्ही विचारलंय, विंडोज सोडून लिनक्सवर जाऊ का.

मला यातलं सीनियरांचं वाक्य खुपलं, म्हणून आधी तेच. उडवून परत टाकल्याने हा बिघाड जाणार नाही. दहा वेळा क्लोन करा, दहाही वेळा तोच एरर येईल, कारण बिघाड क्लोन करतानाच तयार होतोय.

विंडोजवर गिट बसवताना इन्स्टॉलर ओळींच्या शेवटांबद्दल एक प्रश्न विचारतो आणि सगळे नेक्स्ट, नेक्स्ट करत पुढे जातात. तिथला आधीपासून निवडलेला पर्याय म्हणजे 'कोअर.ऑटोसीआरएलएफ' ट्रू. म्हणजे रिपॉझिटरीत, गिटच्या साठ्यात, ओळ एलएफने संपते, पण तुमच्या डिस्कवर उतरताना गिट प्रत्येक ओळीच्या शेवटी सीआर घालतं. एलएफ (लाइन फीड) म्हणजे १० नंबरचा कॅरेक्टर, सीआर (कॅरिज रिटर्न) म्हणजे १३ नंबरचा, दोघांची जोडी म्हणजे सीआरएलएफ. एडिटरमध्ये फरक दिसत नाही. गिट स्टेटसही स्वच्छ, कारण तुलना करताना गिट तो सीआर स्वतःच काढून टाकतं. मग डॉकरफाइलमधलं (कंटेनरचा साचा, म्हणजे इमेज, कसा बनवायचा ते सांगणाऱ्या फाइलमधलं) कॉपी तुमच्या डिस्कवरची फाइल जशीच्या तशी, सीआरसकट, इमेजमध्ये नेतं.

आता लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) काय करतो ते बघा. फाइलचे पहिले दोन बाइट हॅश आणि उद्गारचिन्ह असले, की त्यापुढचा भाग एलएफ येईपर्यंत वाचायचा आणि तो इंटरप्रिटरचा, म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, पत्ता मानायचा. तुमच्या फाइलमध्ये एलएफच्या आधी सीआर बसलाय. त्यामुळे कर्नल '/बिन/बॅश' शोधतच नाही. नावाच्या शेवटी सीआर चिकटलेला कुठलातरी बॅश शोधतो. तो जगात कुठेच नाही, म्हणून 'नो सच फाइल'. एरर खरा आहे, फक्त जी सापडली नाही ती फाइल इंटरप्रिटर आहे आणि मेसेजमध्ये नाव छापलंय स्क्रिप्टचं. लोक मग तासन्‌तास स्टार्ट.एसएच कुठे हरवली ते शोधत बसतात.

खात्री करायला दोन मिनिटं लागतात. 'गिट एलएस-फाइल्स --ईओएल स्टार्ट.एसएच' चालवा. 'आय/एलएफ डब्ल्यू/सीआरएलएफ' आलं, तर चोर सापडला: इंडेक्समध्ये (गिटच्या नोंदीत) एलएफ, डिस्कवर सीआरएलएफ. इमेजच्या आत बघायचं असेल तर 'डॉकर रन --आरएम -आयटी --एंट्रीपॉइंट एसएच' आणि पुढे इमेजचं नाव देऊन आत शिरा, 'हेड -एन १ /स्टार्ट.एसएच' चं आउटपुट पाइपने 'ओडी -सी' ला द्या. शेवटी बॅकस्लॅश-आर, बॅकस्लॅश-एन अशी जोडी दिसली की संपलं. हे पॉवरशेलमधून करा. गिट बॅशमधून डॉकरला '/स्टार्ट.एसएच' असा पत्ता दिला, की गिट बॅश परस्पर त्याचा सी ड्राइव्हच्या प्रोग्राम फाइल्समधला पत्ता करून टाकतो, आणि 'नो सच फाइल' पुन्हा येतं, या खेपेला भलत्याच कारणाने.

आत शिरल्यावर कोणीतरी सुचवेल, 'बॅश /स्टार्ट.एसएच' असं चालवून बघ. एरर बदलेल, बिघाड नाही. आता पहिली ओळ नुसती कॉमेंट झाली, पण दुसऱ्या ओळीवरच्या 'सेट -ई' मागेही सीआर आहेच. बॅश 'इनव्हॅलिड ऑप्शन' म्हणून ओरडतो आणि तो मेसेज विचित्र दिसतो: सुरुवात खाल्लेली, फाइलच्या नावावरच पुढचे शब्द छापलेले. सीआर म्हणजे कर्सर ओळीच्या सुरुवातीला परत, त्यामुळे मेसेजचा उरलेला भाग आधीच्या अक्षरांवर बसतो. असा कुरतडलेला मेसेज टर्मिनलवर दिसला, की मी दुसरं काही न बघता सीआरएलएफवर बोट ठेवतो.

दुरुस्ती. प्रोजेक्टच्या मुळाशी '.गिटअ‍ॅट्रिब्यूट्स' नावाची फाइल करा, त्यात एक ओळ: '*.एसएच टेक्स्ट ईओएल=एलएफ'. सेव्ह करा, कमिट करा. ही फाइल प्रत्येकाच्या ऑटोसीआरएलएफच्या वर चालते, म्हणून कोणाच्या लॅपटॉपवर कुठला पर्याय निवडलाय याने फरक पडत नाही. पण डिस्कवर आधीच उतरलेली फाइल आपोआप बदलत नाही, आणि नेमके इथेच बहुतेक जण फसतात. स्टार्ट.एसएच डिलीट करा आणि 'गिट चेकआउट -- स्टार्ट.एसएच' ने परत आणा. इंडेक्समध्येच सीआरएलएफ शिरलं असेल ('आय/सीआरएलएफ'), तर 'गिट अ‍ॅड --रीनॉर्मलाइज .' करून कमिट करा. मग इमेज पुन्हा बिल्ड करा. कॅशे बंद करायची गरज नाही. फाइलचा मजकूर बदलला की कॉपीचा लेयर आपोआप नवा बनतो.

बिल्ड करूनही जैसे थे असेल, तर कंपोझ फाइलमध्ये, म्हणजे कंटेनर कसा उठवायचा ते लिहिलेल्या फाइलमध्ये, व्हॉल्यूम्स बघा. तुमचं फोल्डर कंटेनरमधल्या त्याच जागी माउंट केलेलं असेल, तर इमेजमधली फाइल झाकली जाते आणि डिस्कवरचीच चालते. मग इमेज कितीही वेळा घडवा.

सहकाऱ्याकडे का चालतं, याचं उत्तर बहुधा एवढंच, की त्याने कधीतरी तो पर्याय इनपुट किंवा फॉल्स केलाय आणि आता विसरलाय. आणि 'परत टाकल्यावर चाललं' अशा कहाण्यांमागेही पुष्कळदा हेच असतं: दुसऱ्यांदा गिट बसवताना वेगळ्या पर्यायावर टिचकी पडली. श्रेय मात्र उडवाउडवीला. पुरावा पुसून टाकला की कारण कोणालाच कळत नाही आणि पुढचा नवा माणूस त्याच खड्ड्यात पडतो. एक ओळीची गिटअ‍ॅट्रिब्यूट्स टाकली असती तर तुम्हाला हा प्रश्न विचारायची वेळच आली नसती, हे सीनियरांना जरूर सांगा. (नम्रपणे. किंवा नका सांगू, फक्त पुल रिक्वेस्ट टाका.)

सीआर नसेल आणि तरीही हाच एरर, तर दोनच संशयित बघण्यासारखे. अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या इमेजमध्ये बॅश मुळात नसतो. पहिल्या ओळीत '/बिन/बॅश' असेल तर '/बिन/एसएच' करा, किंवा एपीके या त्याच्या पॅकेज इन्स्टॉलरने बॅश बसवा. दुसरा, कंपाइल केलेला प्रोग्रॅम. तो ग्लिबसीवर (बहुतेक लिनक्सची मूळ सी लायब्ररी) बांधला असेल, तर त्याला लागणारा लोडर अल्पाइनच्या मसल लायब्ररीत सापडत नाही, आणि पुन्हा तेच शब्द छापले जातात. 'परमिशन डिनाइड' आलं तर ते वेगळं प्रकरण: विंडोजला एक्झिक्यूट बिट कळत नाही, तो गिटमध्येच लावावा लागतो, 'गिट अपडेट-इंडेक्स --चेमॉड=+एक्स स्टार्ट.एसएच'. 'एक्झेक फॉरमॅट एरर' म्हणजे बहुधा एकतर इमेज दुसऱ्या प्रोसेसरची, किंवा पहिल्या ओळीआधी बॉमचे, म्हणजे काही एडिटर फाइलच्या सुरुवातीला घालतात त्या खुणेचे, तीन अदृश्य बाइट.

पायथनचं मॉड्यूल. पिप (पायथनचा पॅकेज इन्स्टॉलर) पॅकेज एका पायथनमध्ये टाकतंय आणि तुम्ही चालवताय दुसराच, यापलीकडे शंभरात नव्वद वेळा काही नसतं. नुसतं 'पिप इन्स्टॉल' लिहायची सवय सोडा, 'पायथन -एम पिप इन्स्टॉल' लिहा. म्हणजे जो पायथन चालतो त्याच्यातच पॅकेज पडतं. कोणता चालतोय ते त्यालाच विचारा: सिस इम्पोर्ट करून 'सिस.एक्झिक्यूटेबल' प्रिंट करा. विंडोजवर 'पाय -०पी' ने बसवलेल्या सगळ्या पायथनची पत्त्यांसकट यादी मिळते. पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) कोण आधी आहे ते बघायला सीएमडीत 'व्हेअर पायथन' चालतं, पण पॉवरशेलमध्ये 'व्हेअर' ही वेगळीच कमांड आहे, ती काहीच न छापता गप्प बसते, तिथे 'व्हेअर.ईएक्सई' असं पूर्ण लिहा. यादीत सगळ्यात वर 'विंडोजअ‍ॅप्स' फोल्डर दिसलं आणि पायथन लिहिल्यावर स्टोअर उघडत असेल, तर सेटिंग्जमधल्या अ‍ॅप एक्झिक्यूशन अलायसेसमध्ये जाऊन पायथनचे खटके बंद करा.

व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचं (प्रोजेक्टपुरत्या वेगळ्या पायथनचं) फोल्डर कधीही दुसरीकडे हलवू नका, आणि ज्यात ते आहे त्या फोल्डरचं नावही बदलू नका. आतल्या स्क्रिप्टमध्ये पूर्ण पत्ता कोरलेला असतो. आणि प्रोजेक्टमध्ये स्वतःची 'रँडम.पीवाय' किंवा 'लॉगिंग.पीवाय' आहे का बघा, असेल तर पायथन लायब्ररीतलं सोडून आधी तुमचंच उचलेल.

पाथ बदलला तर एडिटर पूर्ण बंद करून उघडा. त्यातलं नवं टर्मिनल उघडून उपयोग नाही, ते एडिटरकडूनच जुना पाथ वारशाने घेतं.

पोर्टबद्दल तुम्ही एररचे शब्द दिले नाहीत, आणि सगळं त्यांवरच आहे. 'अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज' असेल तर 'नेटस्टॅट -एएनओ' मधून त्या पोर्टसमोरचा शेवटचा आकडा, म्हणजे पीआयडी, घ्या आणि टास्क मॅनेजरमध्ये तो कोण ते बघून मगच मारा. बहुतेक वेळा तुमचाच मागचा सर्व्हर असतो. पण 'परमिशन डिनाइड' असेल आणि नेटस्टॅटमध्ये त्या पोर्टवर कोणीच बसलेलं नसेल, तर विंडोजने तो पोर्टांचा पट्टाच राखून ठेवलाय. हायपर-व्ही (विंडोजची व्हर्च्युअल मशीनची सोय) असलेल्या मशीनवर हे होतं. 'नेटएसएच इंटरफेस आयपीव्ही४ शो एक्सक्लूडेडपोर्टरेंज प्रोटोकॉल=टीसीपी' ने राखीव पट्टे दिसतात. अ‍ॅडमिन म्हणून 'नेट स्टॉप विननॅट' आणि मग 'नेट स्टार्ट विननॅट' केलं की पुष्कळदा पोर्ट मोकळा होतो. नाहीतर सरळ दुसरा पोर्ट घ्या.

आता लिनक्सवर जायचं का. या एररसाठी नको. काम लिनक्स सर्व्हरवरच चालणार असेल, तर डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) घेऊन बघा, फक्त प्रोजेक्ट त्याच्या आतल्या होम फोल्डरमध्ये क्लोन करा. '/एमएनटी/सी' खाली, म्हणजे विंडोजच्या सी ड्राइव्हवर, ठेवलात तर सगळं रांगतं, आणि विंडोजच्या एडिटरमधून फाइल सेव्ह केल्याची खबर आत पोचत नाही, म्हणून हॉट रीलोड (बदल आपोआप उचलण्याची सोय) मेल्यासारखा वाटतो. तयारी एकाच गोष्टीची ठेवा: विंडोजला 'हेडर' अशा फाइलच्या नावातलं पहिलं अक्षर कॅपिटल की स्मॉल याने फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. आजवर चाललेले काही इम्पोर्ट तिथे पहिल्याच दिवशी तुटतील.

सीनियरांच्या बाजूने एक गोष्ट राहिली. 'नोड मॉड्यूल्स' फोल्डर (जावास्क्रिप्टची पॅकेजेस) विंडोजवरून उचलून लिनक्समध्ये किंवा कंटेनरमध्ये नेलं असेल, तर ते खरंच उडवा. त्यातली काही पॅकेजेस त्या-त्या मशीनसाठी कंपाइल झालेली असतात. मात्र नंतर 'एनपीएम इन्स्टॉल' नको, 'एनपीएम सीआय' करा. ते स्वतःच जुनं फोल्डर उडवतं, लॉक फाइलप्रमाणे नेमक्या त्याच आवृत्त्या टाकतं, आणि लॉक फाइल पॅकेज फाइलशी जुळत नसेल तर अडून बसतं.

आणि गिटअ‍ॅट्रिब्यूट्समध्ये '* ईओएल=एलएफ' असं सरसकट लिहू नका. सोबत '*.बॅट टेक्स्ट ईओएल=सीआरएलएफ' ही ओळ ठेवा, कारण बॅच फाइलमध्ये नुसता एलएफ असला की सीएमडीला कधीकधी गोटूची लेबलं सापडत नाहीत.