टाळूवरची खपली : तेल लावायचं, पण मुरवायचं नाही

प्रश्न : माझी मुलगी अडीच महिन्यांची आहे. तिच्या डोक्यावर, जास्त करून टाळूपाशी, पिवळसर चिकट खपल्या धरल्या आहेत. सासूबाई सकाळ-संध्याकाळ खोबरेल तेलाने टाळू भरतात, तेल रात्रभर तसंच राहतं. तरी खपली जाडच होत चालली आहे. तेल कमी पडतंय का?

उत्तर : कमी नाही, जास्त होतंय. ही खपली दिसायला कोरडी असली तरी मुळात तेलकट असते. जन्माआधी आईकडून आलेल्या संप्रेरकांमुळे बाळाच्या डोक्यातल्या तैलग्रंथी सुरुवातीचे काही महिने जोरात काम करतात, असं मानलं जातं. त्या तेलात मेलेली त्वचा सुटून न पडता थरावर थर चिकटत जाते. त्यातच मॅलासेझिया नावाची बुरशी असते. ती आपल्या सगळ्यांच्याच त्वचेवर असते आणि तेलातल्या स्निग्धाम्लांवर जगते. रात्रभर मुरवलेलं तेल म्हणजे तिला आयतं खाद्य.

तेल बंद करायची गरज नाही, पण त्याचं काम खपली भिजवण्यापुरतंच ठेवा. आंघोळीच्या 15-20 मिनिटं आधी अर्धा चहाचा चमचा तेल बोटांच्या पेरांनी फक्त खपलीवर लावा. खोबरेल चालेल, साधं बेबी ऑइल (खनिज तेल, बिनवासाचं) त्याहून बरं, कारण ते बुरशीच्या उपयोगी पडत नाही. मोहरीचं तेल नको, ते झोंबतं. मग बाळाच्या मऊ ब्रशने हलक्या हाताने गोल फिरवत खपली सैल करा. कोमट पाण्यात सौम्य बेबी शाम्पूचे चार-पाच थेंब फेसून डोक्याला लावा, मिनिटभर ठेवा आणि धुवा. इथेच बहुतेक घरांत चूक होते : एका फेसात तेल निघत नाही. डोकं टिपून बोट फिरवून बघा, बोट चिकट लागलं तर पुन्हा एकदा थोडा फेस करा. शेवटी जुन्या मऊ सुती कापडाने टिपा, चोळू नका.

सुरुवातीला एक दिवसाआड करा, खपली पातळ झाली की आठवड्यातून दोनदा पुरे. दोन-तीन आठवडे धीर धरा. जी खपली भिजूनही सुटत नाही ती नखाने उचकटू नका. खालची त्वचा फाटते, रक्त येतं आणि तिथे जंतुसंसर्ग होतो. खपलीबरोबर थोडे केस आले तर घाबरू नका, ते परत येतात.

राहिली टाळू. ती मऊ लागते म्हणून तिथे हात लावायला सगळेच बिचकतात आणि नेमकी तिथेच खपली साठते. हलक्या हाताने धुतल्याने टाळूला काही होत नाही. तेलाने ती लवकर भरतही नाही. साधारण दीड वर्षापर्यंत ती आपोआप भरते. सासूबाईंचं मन मोडू नका, फक्त तेलाची वेळ रात्रीऐवजी आंघोळीआधीची करून घ्या.

प्रश्न : खोबरेलात कापूर घालून लावला की कोंडा जातो म्हणतात. लिंबू, डाळीचं पीठ, कडुलिंबाचं तेल यांतलं काय चालेल?

उत्तर : तान्ह्याला यांतलं काहीच नको. कापूर तर घरातल्या कोणी कितीही आग्रह केला तरी नाही. तो त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जातो, आणि लहान मुलांना त्याने झटके येऊ शकतात. लिंबू झोंबतं, शिवाय रस लागलेल्या जागी ऊन पडलं तर डाग उठतो. डाळीचं पीठ आणि साय चोळली की आधीच नाजूक झालेली त्वचा खरवडते, आणि अशा त्वचेतून अन्नपदार्थ आत गेले तर पुढे त्यांची ॲलर्जी होण्याचा धोका असतो. कडुलिंबाचं तेल बाळाच्या पोटात गेलं तर गंभीर विषबाधा होते, आणि बाळाचा हात डोक्यावरून तोंडात जायला वेळ लागत नाही. रिठा-शिकेकाई डोळ्यांत गेली की काय होतं ते न्हाऊ घालणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे.

प्रश्न : मी आंबट खाते म्हणून बाळाला असं झालं का? आता भुवया आणि कानामागेही आलंय.

उत्तर : आंबटाचा काही संबंध नाही, पोटभर जेवा. भुवया आणि कानामागेही हीच खपली येते. तिथे ब्रश नको. कापसाच्या बोळ्याने तेल लावा, दहा मिनिटांनी ओल्या कापडाने पुसा. बहुतेक बाळांचं हे वर्षाच्या आत आपोआप जातं, आणि बाळाला त्याचा फारसा त्रासही होत नाही.

पण बाळ सारखं डोकं घासत असेल, झोप मोडत असेल, तर तो इसब असू शकतो. खपलीतून पाणी किंवा पू येणं, घाण वास, ताप, केस तुटून गोल चट्टे पडणं, लाली अंगभर पसरणं, किंवा जुलाब होऊन वजन न वाढणं, यांतलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय थांबवून बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बुरशीनाशक शाम्पू किंवा स्टेरॉइडचं मलम दुकानातून आपल्या मनाने आणू नका. आणि दाखवायला नेताना त्या दिवशी डोक्याला तेल लावू नका, तेलाखाली लाली नीट दिसत नाही.