पहिल्यांदाच कुत्रा पाळलाय, ट्रेनरकडे महिनाभर ठेवू का?

तुमचा लॅब्रॅडोर पाच महिन्यांचा, घरातला पहिलाच कुत्रा, आणि ट्रेनर म्हणतो, ‘महिनाभर माझ्याकडे सोडा, शिकवून परत देतो.’ माझं मत विचाराल तर शिकवा जरूर, पण पाठवू नका. पट्टा तुमच्या हातात देऊन शिकवणारा ट्रेनर शोधा.

कुत्रा माणूस आणि जागा बघून वागतो. ट्रेनरच्या आवारात गुमान बसणारा कुत्रा तुमच्या दाराची बेल वाजली की पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारणारच. शिवाय नवख्या मालकाला शिकायचं असतं ते अचूक वेळ साधणं. कुत्रा बसला की एक-दोन सेकंदांत खाऊ मिळाला पाहिजे. उशीर केला तर तोवर तो उठलेला असतो, आणि बक्षीस उठल्याचं मिळतं! हे व्हिडिओ बघून येत नाही, शेजारी उभं राहून कुणीतरी टोकावं लागतं. घरच्यांनाही टोकावं लागतं: आई ‘बस’ म्हणते, मुलगा ‘सिट’, आजोबा ‘खाली बैस रे’. एकच शब्द ठरवा. मराठी असला तरी त्याला फरक पडत नाही.

आपल्या नागपुरात सगळ्यात कामाचा हुकूम मात्र ‘सोड’. फुटाळा तलावावर नेऊन बघा, लोकांनी भुट्टे खाऊन टाकलेली कणसं जागोजागी. लॅब्रॅडोर म्हणजे खादाड जात, ते कणीस गिळलं आणि आतड्यात अडकलं तर ऑपरेशनच. तोंडातून ओढायला गेलात की तो घाईनं गिळतो किंवा पळतो. म्हणून घरीच खेळण्यावर सराव करा: उकडलेल्या चिकनचा तुकडा नाकाशी धरा, त्यानं खेळणं सोडलं की लगेच द्या. चिकन नको असेल तर पनीर चालेल. बेदाणे चुकूनही नको, कुत्र्याच्या किडन्या निकामी होऊ शकतात. आणि दिवसभरात दिलेला खाऊ जेवणातून वजा करा, ही जात सुटते फार लवकर.

दुसरा हुकूम ‘ये’. रागवायला किंवा आंघोळीला त्या शब्दानं बोलवू नका, नाहीतर मोकाट कुत्री अंगावर आली त्या दिवशी हाक मारून उपयोग नाही.

एका वेळी पाचेक मिनिटं पुरतात. उन्हाळ्यात सराव घरातच. बाहेर न्यायचंच तर आधी डांबरावर तळहाताची मागची बाजू टेकवून बघा, पाच सेकंद ठेववत नसेल तर परत फिरा. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसला टेकतो, संध्याकाळीही रस्ता लवकर निवत नाही.

ट्रेनर ठरवण्याआधी त्याचा एक वर्ग नुसता बघून या. गळा आवळणारी साखळी दिसली तर पैसे देऊ नका.