बोनस ॲनिमोनवर खर्च करावा का?

प्रश्न: खाऱ्या पाण्याची ४०० लिटरची टाकी पाच महिन्यांपासून चालू आहे, त्यात क्लाऊनफिशची जोडी आहे. आता गिगांटिया कार्पेट ॲनिमोन (तळाला चिकटून राहणारा, स्पर्शिका असलेला समुद्री प्राणी) आणायचा आहे. त्यासाठी जास्त ताकदीचा एलईडी दिवा, दोन पॉवरहेड (पाण्यात प्रवाह निर्माण करणारे पंप) आणि चिलर (पाणी थंड ठेवणारे यंत्र) घ्यावा लागेल. दोन पगारांइतका बोनस मिळणार आहे, तो सगळा यात जाईल. आपत्कालीन निधी दोन महिन्यांच्या खर्चापुरता आहे आणि वैयक्तिक कर्जाचे १४ हप्ते बाकी आहेत. घेऊ का?

उत्तर: आत्ता घेऊ नका. हौस परवडणारच नाही असे नाही. अडचण अशी की बोनस एकदाच येतो आणि या प्राण्याचा खर्च दर महिन्याला येतो, तोही कितीतरी वर्षे. नीट जगला तर ॲनिमोन दशकेही काढतो. म्हणून यादीतल्या किमतींच्या आधी महिन्याचा हिशेब मांडा.

२०० वॅटचा दिवा रोज ९ तास, म्हणजे १.८ युनिट. ३० वॅटचे दोन पॉवरहेड दिवसरात्र, जवळजवळ दीड युनिट. ३०० वॅटचा चिलर दिवसाला ८ तास चालला तर २.४ युनिट. महिन्याला साधारण १७० युनिटांची भर पडते. आपल्या दराने गुणून पाहा. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलायचे तर ४० लिटर, आणि लिटरला ३६ ग्रॅम धरले तर वर्षाला ७५ किलो मरीन सॉल्ट. बाष्पीभवनाने रोज तीन-चार लिटर पाणी उडते. ती भर गोड्या आरओ-डीआय (गाळून क्षार काढलेल्या) पाण्यानेच घालायची, कारण मीठ उडत नाही. खारे पाणी घातले तर क्षारता चढत जाते. त्या पाण्याचे फिल्टर आणि रेझिन ठरावीक काळाने बदलावे लागतात, हेही धरा.

आता जोखीम. गिगांटिया बहुतांशी समुद्रातून पकडून आणलेले असतात. प्रवासात त्यांना मार बसतो, जिवाणूसंसर्ग होतो आणि पहिल्या काही आठवड्यांत बरेच दगावतात. मेलेला ॲनिमोन टाकीतच कुजला तर अमोनिया वाढून मासेही जातात. जागा न पटल्यामुळे तो सरकत पॉवरहेडच्या तोंडाशी जाऊन त्यात ओढला गेला, तरी परिणाम तोच. म्हणून वेगळी विलगीकरण टाकी हा खर्च टाळता येणार नाही. साधारण ६० लिटरची, तितक्याच चांगल्या प्रकाशाची आणि प्रवाहाची. प्रतिजैविकाचा सात दिवसांचा उपचार करावा लागला, तर रोज जवळपास सगळे पाणी बदलावे लागते: ४२० लिटर पाणी, १५ किलो मीठ. औषध आणि मात्रा जलचरांच्या पशुवैद्याकडूनच ठरवून घ्या. ही ओळ तुमच्या यादीत नाही, आणि नेमकी इथेच बजेट फाटते.

शिवाय पाच महिन्यांची टाकी या प्राण्यासाठी कोवळी आहे. वर्षभर चाललेल्या टाकीत क्षारता १.०२५-१.०२६ (विशिष्ट गुरुत्वात), तापमान २५ ते २७ अंश आणि क्षारीयता (आम्लता रोखण्याची पाण्याची क्षमता) ८-९ डीकेएच या एककात अशी मापे स्थिर ठेवणे पुष्कळ सोपे जाते. म्हणजे आणखी सात महिने थांबण्यात तुमचे काहीच बुडत नाही, आणि तेवढ्यात पैशाची बाजूही सावरते.

बोनसचा अर्धा भाग आपत्कालीन निधीत टाका. तो निदान तीन महिन्यांवर जाईल. पुढे सहापर्यंत न्या. उरलेल्यातला मोठा भाग कर्जात भरा. मुदतपूर्व फेडीचे शुल्क आधी विचारा, आणि हप्ता तोच ठेवून मुदत कमी करून घ्या, व्याज त्यात जास्त वाचते. राहिलेल्या रकमेत १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी आणि इन्व्हर्टर घ्या. बॅटरी निम्मीच वापरली तरी २० वॅटचा एक पंप सुमारे दिवसभर चालतो. वीज गेल्यावर पाणी हलते राहिले तर प्राणवायू टिकतो. आज टाकीत असलेल्या माशांनाही याची गरज आहे.

वर काढलेला महिन्याचा खर्च याच महिन्यापासून वेगळ्या खात्यात टाकायला लागा. सात महिन्यांत दोनदा जरी चुकला, तरी गिगांटियाचा विचार सोडा. न चुकता जमला, तर विलगीकरणाचा पैसा त्याच खात्यातून उभा राहील आणि दिव्याची सुरुवातही होईल. कर्ज संपले की तोच हप्ता उरलेल्या सामानाकडे वळवा.

त्याआधी ॲनिमोन हवाच असेल, तर टाकी वर्षाची झाल्यावर बबल टिप जातीचा ॲनिमोन घ्या. तो विभागून वाढतो, त्यामुळे टाकीतच वाढलेला मिळू शकतो. प्रवाह आणि प्रकाश कमी लागतो, आणि क्लाऊनफिशही त्याला बहुधा स्वीकारतात. माझ्या मते तुमच्या आजच्या उत्पन्नात तोच योग्य आहे.

गिगांटिया घ्यायची वेळ आली, की पूर्ण रक्कम लगेच देऊ नका. बयाणा द्या आणि दोन आठवडे विक्रेत्याकडेच राहू द्या. तोंड घट्ट मिटलेले, स्पर्शिका चिकट, पाय खडकाला किंवा तळाला धरलेला आणि दिवसा फुगलेला राहत असेल तरच बाकी पैसे चुकते करा. पांढरा पडलेला, तोंड उघडे टाकणारा किंवा दिवसात पुन्हा पुन्हा आकसणारा असेल तर बयाणा सोडून द्या. उपचारापेक्षा ते नुकसान कमी असते.