बुद्धिबळ स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत १९०० रेटिंगचा खेळाडू समोर आला तर मुलीनं कसं खेळावं?

तुमची मुलगी तेरा वर्षांची, रेटिंग (खेळाची ताकद दाखवणारा आकडा) १५००. समोरचा १९०० चा असेल तर भराभर मोहऱ्यांची अदलाबदल करून बरोबरी साधावी का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: अजिबात नको.

अशी जोडी लागली म्हणून नशिबाला बोल लावू नका. स्विस पद्धतीत (यात हरलं तरी कुणी बाद होत नाही) पहिल्या फेरीत रेटिंगनुसार लावलेल्या यादीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याशीच खेळतो. आणि हरली तरी तिचं जातं किती? रेटिंगमधल्या ४०० च्या फरकाला फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या) तक्त्यात तिच्याकडून डावात अपेक्षा ०.०८ गुणांची; विजयाला एक गुण, बरोबरीला अर्धा. मिळालेला गुण आणि अपेक्षा यांतल्या फरकाला ‘के’ नावाच्या आकड्यानं गुणतात; १८ वर्षांखालच्या मुलांचा के ४० धरतात. म्हणजे हरली तर रेटिंगमधले ३.२ जातील, बरोबरीला १६.८ मिळतील, जिंकली तर ३६.८. दडपण खरं तर समोरच्यावर असतं.

आता अदलाबदलीचं. पट मोकळा झाला की डाव सोपा होतो, हा भ्रम आहे. गेल्या उन्हाळ्यात इथं सोलापुरातच एका स्पर्धेत एका मुलानं वजीर, हत्ती, घोडे सगळं मारून संपवलं. पंख्याखालीही घाम निथळत होता, पण चेहरा खुलला होता, बरोबरी झालीच म्हणून. शेवटी पांढरा राजा ई४ या घरात, त्याचं प्यादं लगेच मागे ई३ वर, आणि या मुलाचा काळा राजा एक घर सोडून समोर ई६ वर. चाल पांढऱ्याची असती तर बरोबरीच होती. पण चाल होती याची! राजा बाजूला सरकवावाच लागला, पांढरा राजा पुढं घुसला आणि प्याद्याचा वजीर झाला. समोरच्यानं हा हिशेब केव्हाच करून ठेवला होता. वरच्या रेटिंगचा खेळाडू सर्वांत जास्त भारी पडतो तो इथंच, अंतिम टप्प्यात.

म्हणून तिला रोजच्या सरावातलीच सुरुवात खेळू द्या, मोहरी पटावर राहू द्या. गुंतागुंतीत मोठेही चुकतात. आपली दिव्या देशमुख २०२५ च्या महिला विश्वचषकात १५ व्या मानांकनावरून विजेती झाली, तीही अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवून.

घड्याळाकडं मात्र लक्ष हवं. मोठा खेळाडू झटपट खेळतो म्हणून हिनंही घाई करायची नाही. आणि डाव संपला की त्याच खेळाडूला विचारायला सांगा, ‘दादा, माझं कुठं चुकलं?’ बहुतेक जण आनंदानं पट मांडून दाखवतात.