ल्युसर्नचा वाद्यवृंद : १९३८ चा की २००३ चा?

प्रश्न : मे महिन्यात सोलापुरात दुपारी घराबाहेर पडवत नाही, तेव्हा आम्ही घरी पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकत बसतो. येहुदी मेन्युइन यांनी १९४७ मध्ये फुर्टवेंग्लर यांच्या संचालनाखाली वाजवलेल्या बेथोव्हेनच्या व्हायोलिन कन्चेर्टोच्या (एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेच्या) ध्वनिमुद्रणावर ‘ल्युसर्न महोत्सव वाद्यवृंद’ असे नाव आहे, आणि वाद्यवृंद-संचालक क्लाउडिओ अब्बादो यांच्या २००३ मधील, संगीतकार मालरच्या दुसऱ्या सिंफनीवरही तेच आहे. हा वाद्यवृंद एकच आहे काय? आणि केवळ उन्हाळ्यापुरते जमणारे वादक इतके एकजीव कसे वाजवतात?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : वादक आणि व्यवस्था पाहता हे दोन निराळे वाद्यवृंद आहेत; तरीही दुसऱ्याने पहिल्याचा वारसा सांगावा, हे मला सर्वस्वी योग्य वाटते.

इटालियन वाद्यवृंद-संचालक आर्तुरो तोस्कानिनी यांनी हिटलरच्या राजवटीमुळे जर्मनीत बायरॉइटच्या वाग्नर महोत्सवाला जाणे १९३३ मध्येच नाकारले होते, आणि ऑस्ट्रियावरही नाझींची छाया पडताच १९३८ मध्ये त्यांनी साल्झबुर्गच्या महोत्सवाकडेही पाठ फिरवली. त्याच वर्षी २५ ऑगस्टला त्यांनी स्वित्झर्लंडच्या ल्युसर्न सरोवराकाठी त्रिबशेन येथे, जर्मन संगीतकार वाग्नर १८६६ ते १८७२ या काळात ज्या घरात राहिले त्या घरासमोर, कार्यक्रम केला. त्यासाठीचा वाद्यवृंद मुद्दाम जमवलेला होता. त्यात स्वित्झर्लंडमधील निवडक वादक होते, तसेच १९३३ पासून जर्मनीत वाजवणे नाकारणारे व्हायोलिनवादक आडोल्फ बुश आणि त्यांच्या चतुष्टयातील (चार तंतुवाद्यवादकांच्या संचातील) सहकारीही होते. वाग्नरची ‘सीगफ्रीड आयडिल’ ही रचना १८७० च्या नाताळात याच घराच्या जिन्यावर प्रथम वाजली होती. ती त्या दिवशी तेथे पुन्हा वाजली. ज्या कलावंतांना आपली जुनी व्यासपीठे सोडावी लागली, त्यांनी एकत्र येऊन हा महोत्सव उभा केला, ही गोष्ट मला त्याच्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते.

पुढे १९४३ पासून देशभरातील वादक दर उन्हाळ्यात ‘स्विस महोत्सव वाद्यवृंद’ म्हणून एकत्र येऊ लागले. आपल्याजवळच्या १९४७ च्या ध्वनिमुद्रणातील वाद्यवृंद तोच. नाझी काळात जर्मनीत राहिलेल्या फुर्टवेंग्लर यांच्याबरोबर, स्वतः ज्यू असलेल्या मेन्युइन यांनी युद्धानंतर दोनच वर्षांत वाजवले आणि त्यासाठी मोठा रोष पत्करला, हे लक्षात ठेवून ते ध्वनिमुद्रण ऐकावे. १९९३ मध्ये हा वाद्यवृंद थांबला.

बर्लिन फिलहार्मोनिकचे प्रमुखपद २००२ मध्ये सोडलेल्या आणि त्याआधी पोटाच्या कर्करोगातून उठलेल्या अब्बादोंनी, महोत्सवाचे तेव्हाचे प्रमुख मिखाएल हेफ्लिगर यांच्यासह, २००३ च्या ऑगस्टमध्ये (म्हणजे आपल्याकडील श्रावणात, तिकडचा उन्हाळी महोत्सव तेव्हाच भरतो) १९३८ च्या कल्पनेवर नवा वाद्यवृंद घडवला. सनईसारखे फुंकून वाजवायचे क्लॅरिनेट वाजवणाऱ्या साबीने मायर आणि चेलोवादक नतालिया गुटमन यांच्यासारखे स्वतंत्र कीर्तीचे कलावंत त्यात रांगेत बसून वाजवू लागले.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. ख्यालाच्या मैफलीत साथीदार रंगमंचावरच एकमेकांचा अंदाज घेऊ शकतात, परंतु सुमारे शंभर वादकांच्या लिखित सिंफनीत तेवढी मुभा नसते. ल्युसर्नच्या संचाचा गाभा मात्र १९९७ मध्ये स्थापन झालेल्या मालर चेंबर ऑर्केस्ट्राचा होता, आणि तो वर्षभर एकत्र वाजवणारा वाद्यवृंद आहे. त्याचे संस्थापक वादक अब्बादोंनीच १९८६ मध्ये उभ्या केलेल्या गुस्ताव मालर युवा वाद्यवृंदातून आलेले होते. म्हणजे उन्हाळ्यात भेटणाऱ्या अनेकांचा परस्परांशी आणि अब्बादोंशी कितीतरी वर्षांचा परिचय होता. शिवाय तंतुवाद्यांच्या चतुष्टयांतून आलेल्या वादकांना संचालकाच्या हाताइतकाच शेजाऱ्याच्या स्वराचा वेध घेण्याची सवय असते, आणि अब्बादोंना सगळ्या वाद्यवृंदाकडून हेच हवे असे.

अब्बादोंचा अखेरचा कार्यक्रम २६ ऑगस्ट २०१३ रोजी ल्युसर्नलाच झाला. २० जानेवारी २०१४ रोजी ते निवर्तले. त्या एप्रिलमध्ये झालेल्या स्मृतिसभेत वादकांनी शुबर्टच्या अपूर्ण सिंफनीचा पहिला भाग संचालकाविना वाजवला. एकजीवपणाचा याहून स्पष्ट पुरावा मला तरी ठाऊक नाही. तरुणपणी मिलानच्या ला स्काला या संगीतनाट्यगृहात अब्बादोंचे साहाय्यक राहिलेले रिकार्डो शायी यांनी २०१६ मध्ये सूत्रे हाती घेतली, आणि ल्युसर्नच्या मालर-मालिकेत अब्बादोंकडून राहून गेलेल्या आठव्या सिंफनीनेच त्यांनी आपल्या कारकिर्दीचा आरंभ केला.